ट्रिस्ट्रम शँडी: आधी कानाने, मग नेमक्या जागी डोळ्याने

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉलेजात इंग्रजी साहित्य होतं, पण अठराव्या शतकातली एकही विनोदी कादंबरी पूर्ण वाचून झाली नाही. म्हणून लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’चं ऑडिओबुक घेतलं, ऑफिसला जाता-येता ऐकायला. कित्येक तास ऐकूनही नायकाचा जन्म काही होईना, मध्येच कुणीतरी प्रवचन वाचायला लागलं, आणि आता आपलं लक्ष उडालंय की पुस्तकच भरकटलंय हे कळेनासं झालंय. पुढे ऐकावं, छापील प्रत घ्यावी, संक्षिप्त आवृत्ती शोधावी, की सरळ सोडून द्यावं?

भरकटलंय ते पुस्तकच, तुमचं लक्ष जागेवर आहे. ऐकणं चालू ठेवा, संक्षिप्त आवृत्तीच्या वाटेला जाऊ नका, आणि एक छापील प्रत जवळ असू द्या. ती रोज उघडायची गरज नाही, पण काही ठरावीक जागी ती नसेल तर निम्मी गंमत हातची जाते. त्या जागा पुढे सांगतो.

मी ही कादंबरी बरीच वर्षं शिकवली, आणि तिच्यातले उतारे मोठ्याने वाचून दाखवायचं कामही करत आलोय. डोळ्यांनी वाचायला बसलेला विद्यार्थी पहिल्या काही प्रकरणांतच दमतो. तेच उतारे ऐकवले की वर्गात हशा पिकतो. याचं कारण वाक्यांच्या चालीत आहे. ती लिहिल्यासारखी नाहीत, बोलल्यासारखी आहेत. माणूस बोलता बोलता थांबतो, ‘अरे हो, ते राहिलंच’ म्हणतो, समोरच्याला टोकतो, मग मूळ मुद्दा विसरतो. दुसऱ्या खंडात स्टर्नने स्वतःच म्हणून ठेवलंय की लेखन नीट जमलं तर ते गप्पांचंच दुसरं नाव. हे वाक्य तो पुढचे सात खंड पाळतो.

हा स्टर्न यॉर्कशरमधला पाद्री. १७५९च्या डिसेंबरात यॉर्कमध्ये पदरमोड करून त्याने पहिले दोन खंड छापले तेव्हा तो शेहेचाळीस वर्षांचा होता आणि त्या मुलखाबाहेर त्याला कुणी विचारत नव्हतं. पुढच्या काही महिन्यांत लंडनमध्ये त्याच्या नावाचा बोलबाला झाला. जोशुआ रेनल्ड्सने त्याचं व्यक्तिचित्र रंगवलं, होगार्थने पुस्तकासाठी चित्र काढून दिलं, नटश्रेष्ठ डेव्हिड गॅरिक त्याच्या पाठीशी उभा राहिला. बाकीचे खंड टप्प्याटप्प्याने येत गेले आणि नववा, शेवटचा, १७६७च्या जानेवारीत आला. म्हणजे पहिल्या वाचकांना ही कादंबरी सलग मिळालीच नाही, सात वर्षांत तुकड्या-तुकड्यांनी मिळाली. लोकलमध्ये रोज अर्धा तास ऐकणारा माणूस त्या वाचकांच्या जास्त जवळ आहे, परीक्षेसाठी एका आठवड्यात फडशा पाडणारा नाही.

आता कथानक आधीच सांगून टाकतो. रहस्यभंगाची भीती नको, कारण रहस्यच नाही. ट्रिस्ट्रम आपल्या आयुष्याची गोष्ट सांगायला बसतो आणि सुरुवात करतो ती गर्भधारणेच्या रात्रीपासून. बाप वॉल्टर शँडी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री घड्याळाला किल्ली देतो आणि संसारातलं दुसरं एक कर्तव्यही त्याच रात्री उरकून टाकतो. त्यामुळे आईच्या डोक्यात या दोन गोष्टींची गाठ बसलेली. ऐन वेळी ती विचारते, ‘अहो, घड्याळाला किल्ली द्यायची विसरला नाहीत ना?’ इथून जे बिनसतं ते बिनसतच जातं. बाळंतपणात डॉ. स्लॉपच्या चिमट्याने बाळाचं नाक चेपतं. बापाला मुलाचं नाव ‘ट्रिस्मेजिस्टस’ ठेवायचं असतं. ते नाव तोंडात घेऊन सुझॅना नावाची मोलकरीण धावत पाद्र्याकडे जाते, पोहोचेपर्यंत तिच्या तोंडात नुसतं ‘ट्रिस’ उरतं, आणि बापाला साऱ्या जगात जे नाव सर्वांत जास्त खटकतं तेच मुलाला चिकटतं. बापाचा भाऊ टोबी हा जुना सैनिक. १६९५ मध्ये, आजच्या बेल्जियममधल्या नामूर किल्ल्याच्या वेढ्यात त्याला जांघेत जखम झाली. तेव्हापासून तो आणि त्याचा चाकर कॉर्पोरल ट्रिम घरामागच्या हिरवळीवर किल्ल्यांच्या प्रतिकृती उभ्या करून लढाया खेळतात. मग शेजारची विधवा मिसेस वॉडमन टोबीवर नजर ठेवते. एवढंच. नायक तिसऱ्या खंडात जन्मतो. चौथ्या खंडात तो हिशेब मांडतो की लिहायला घेतल्याला वर्ष झालं आणि आपण अजून आयुष्याच्या पहिल्याच दिवशी आहोत, म्हणजे लिहिण्यापेक्षा जगणं ३६४ पट वेगाने चाललंय. हे पुस्तक संपायचं नाही हे त्याला ठाऊक आहे.

तुम्ही ज्या प्रवचनाला अडखळलात ते दुसऱ्या खंडाच्या सतराव्या प्रकरणात आहे, आणि माझ्या मते ऐकण्यासाठी याहून सरस जागा पूर्वार्धात नाही. वरच्या मजल्यावर बाळंतपण चालू आहे. खाली वॉल्टर, टोबी आणि डॉ. स्लॉप बसलेत. एका जुन्या पुस्तकातून प्रवचनाचे कागद निघतात आणि ट्रिमला ते वाचायला सांगतात. तो तोंड उघडण्याआधी लेखक त्याला थांबवतो आणि तो उभा कसा होता याचं वर्णन करतो: शरीर पुढे झुकलेलं, जमिनीशी बरोबर साडेपंच्याऐंशी अंशांचा कोन करून. वक्त्याने कसं उभं राहावं यावर अख्खा परिच्छेद खर्च होतो. मग वाचन सुरू होतं. विषय सद्सद्विवेकबुद्धी. स्लॉप कॅथलिक, प्रवचन प्रॉटेस्टंट, त्यामुळे दर चार वाक्यांना चकमक. आणि जेव्हा मजकुरात कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाच्या (इन्क्विझिशन) छळाचं वर्णन येतं तेव्हा ट्रिमचा आवाज कापायला लागतो, कारण त्याचा सख्खा भाऊ टॉम लिस्बनमध्ये त्याच कोठडीत वर्षानुवर्षं पडलाय. वॉल्टर परोपरीने समजावतो की बाबा रे, ही खरी हकीकत नाही, नुसतं वर्णन आहे. ट्रिमला ते पटत नाही. त्याला पुढे वाचवत नाही, कागद वॉल्टरकडे जातात.

कागदावर हे सारं एका ओळीत गर्दी करून उभं असतं: प्रवचनाचा भारदस्त सूर, ट्रिमचा गहिवर, स्लॉपची कुरकुर, वॉल्टरची समजूत. कान मात्र हे आपोआप वेगळं करतो. आणखी एक गंमत म्हणजे हे प्रवचन खरोखरीचं आहे. स्टर्नने ते १७५० मध्ये यॉर्कच्या कॅथीड्रलमध्ये स्वतः दिलं होतं आणि छापलंही होतं. ते कादंबरीत घुसवून त्याने आपल्या प्रवचनसंग्रहाची जाहिरातही उरकून घेतली, आणि संग्रह १७६० मध्ये बाजारात आणला. धंदा चांगला कळत होता या पाद्र्याला.

यावरूनच निवेदक पारखायचा. विकत घेण्याआधी नमुना ऐकायला मिळतोच. त्यात वॉल्टर आणि टोबी वेगळे कळतात का बघा. वॉल्टर हा तर्काच्या घोड्यावर स्वार, चिडका, पण जीव लावणारा. टोबी शांत, सावकाश, माशीलाही न दुखावणारा. हे शब्दशः खरं आहे: जेवताना नाकाशी घोंघावणारी माशी तो अलगद पकडतो, खिडकी उघडून सोडतो आणि म्हणतो, जा बाई, तुला आणि मला पुरेल एवढं जग नक्कीच मोठं आहे. निवेदक टोबीला बावळट करून टाकत असेल तर तो निवेदक घेऊ नका. टोबी भोळा आहे, बावळट नाही. अँटन लेसर यांनी नॅक्सॉस या ऑडिओबुक कंपनीसाठी केलेलं संपूर्ण वाचन मी डोळे मिटून सुचवतो. लिब्रीव्हॉक्स या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी केलेलं वाचन फुकट मिळतं. त्यावर सुरुवात करून बघायला काहीच हरकत नाही.

आणि वेग वाढवू नका. दीडपट वेगाने बातम्या ऐकाव्यात, हे पुस्तक नाही. स्टर्नच्या पानावर सर्वांत जास्त वापरलेलं चिन्ह म्हणजे आडवी रेघ, कधी आखूड, कधी चांगली लांब. ती रेघ म्हणजे श्वास, अडखळणं, डोळा मिचकावणं. तिसऱ्या खंडात त्याने यावरच टोला हाणलाय. एका समीक्षकाला विचारतात, काल रात्री गॅरिकने स्वगत कसं म्हटलं? तो सांगतो, सगळं व्याकरण धाब्यावर बसवून; जिथे थांबायचं कारण नाही तिथे तो थांबला, दर वेळी तीन सेकंद आणि तीन पंचमांश, मी घड्याळ लावून मोजलंय. मग विचारतात, आवाज थांबला तेव्हा चेहराही थांबला होता का? डोळे काही बोलत नव्हते? समीक्षक उत्तर देतो, मी फक्त घड्याळाकडे बघत होतो, महाराज. वेग वाढवून ऐकणारा या समीक्षकाच्याच पंगतीला बसतो.

विषयांतराचं म्हणाल तर आपल्याकडे कीर्तनाला बसलेला माणूस कधी म्हणत नाही की बुवा, आख्यान राहू दे, आधी शेवट सांगा. बुवा दृष्टांतातून दृष्टांतात जातात, मध्येच एखाद्या उशिरा आलेल्याला चिमटा काढतात, आणि आपण मागे येत राहतो. त्या सवयीने ऐका. चौथ्या खंडात वॉल्टर आणि टोबी जिना उतरायला लागतात. वॉल्टर एक पायरी उतरतो, काहीतरी आठवून पाय मागे घेतो, बोलायला लागतो. प्रकरण संपतं, दुसरं सुरू होतं, दोघे अजून जिन्यावरच. लेखक कुरकुरतो की एक जिना उतरण्यात दोन प्रकरणं जावीत ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि अजून खालपर्यंत पंधरा पायऱ्या आहेत. शेवटी दोघांना खाली आणून झोपवायला तो मदतीला एका समीक्षकाला हाक मारतो. गर्दीच्या लोकलमध्ये हे ऐकून मोठ्याने हसू आलं तर लोक बघतात, एवढंच सांगतो.

ऐकताना एक सूर ओळखीचा करून ठेवा. समोरच्याने काहीतरी अचाट विधान केलं की टोबी वाद घालत नाही, ‘लिलिबुलेरो’ नावाची चाल शिट्टीवर वाजवतो. त्या काळच्या इंग्लंडात ही चाल प्रत्येकाच्या कानात होती. तुमच्या घरात कुणी शॉर्टवेव्हवर बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस लावत असेल तर बातम्यांआधीची ती धून आठवा. अनेक दशकं वाजत होती ती लिलिबुलेरोच. तिसऱ्या खंडात डॉ. स्लॉप एका नोकराला लांबलचक शाप वाचून दाखवतो, केसापासून नखापर्यंत एकेक अवयव घेऊन, आणि टोबी त्या वेळी हीच शिट्टी वाजवत असतो. ऑडिओबुकमध्ये निवेदकाला एकाच तोंडाने शाप आणि शिट्टी दोन्ही देता येत नाहीत. तेव्हा शिट्टी तुमच्या डोक्यात चालू असायला हवी.

आता डोळ्याच्या जागा. पहिल्या खंडात योरिक नावाचा पाद्री मरतो आणि त्यानंतरचं पान दोन्ही बाजूंनी ठार काळं छापलंय. तिसऱ्या खंडात संगमरवरी नक्षीचं पान येतं. मूळ आवृत्तीत ही नक्षी हाताने केलेली होती, त्यामुळे प्रत्येक प्रतीतलं ते पान वेगळं. चौथ्या खंडात चोविसावं प्रकरणच नाही. पानांचे आकडे दहांनी उडी मारतात आणि लेखक पुढे सांगतो की ते प्रकरण इतकं उत्तम उतरलं होतं की बाकीचं पुस्तक त्यापुढे फिकं पडलं असतं, म्हणून फाडून टाकलं. सहाव्या खंडात मिसेस वॉडमनच्या रूपाचं वर्णन करायची वेळ आल्यावर तो एक कोरं पान ठेवतो आणि वाचकाला म्हणतो, घ्या लेखणी, काढा तुम्हीच. शक्य तितकी तुमच्या प्रेयसीसारखी, आणि मनाला खाणार नाही इतपत बायकोपेक्षा वेगळी. त्याच खंडात तो आधीच्या पाच खंडांची वाटचाल वेड्यावाकड्या रेषांनी काढून दाखवतो. नवव्या खंडात ट्रिम लग्नाच्या बेतात असलेल्या टोबीला अविवाहित माणसाचं स्वातंत्र्य समजावताना हातातली काठी हवेत फिरवतो, आणि पानावर त्या काठीची गिरकी छापलेली आहे. यातलं काहीही कानाला दिसत नाही. काही निवेदक वर्णन करून सांगतात, काही थांबतात. दोन्ही बरं, पण पान बघण्याची सर त्याला नाही.

सर्वांत मोठं नुकसान होतं ते फुल्यांच्या जागी. पाचव्या खंडात पाच वर्षांच्या ट्रिस्ट्रमला लघवीला लागते. खोलीत भांडं ठेवायचं राहिलंय. सुझॅना एका हाताने खिडकीची तावदानाची चौकट वर उचलते, दुसऱ्याने पोराला खिडकीत चढवते आणि म्हणते, बाळा, आजच्या दिवस जमवशील का... आणि पुढे नुसत्या फुल्या. चार, तीन, दोन, तीन, सहा. मोजून बघा, प्रत्येक फुली एका अक्षराची, आणि ‘खिडकीतून मुतायला’ हे सांगणारं इंग्रजी वाक्य त्यात चपखल बसतं. छापील पानावर वाचक स्वतः मोजतो आणि स्वतःच चावट ठरतो, लेखक नामानिराळा. कानाला फक्त एक ठोका चुकल्यासारखा वाटतो. मग चौकट धाडकन खाली येते, आणि पोराचं जे व्हायचं ते होतं. का आली? तर ती तोलून धरणारी शिशाची वजनं ट्रिमने काढून नेली होती, टोबीच्या खेळातल्या लढाईसाठी तोफा ओतायला. भरकटलेलं पुस्तक म्हणतात, पण असे दोरे आतून पक्के विणलेले आहेत. ते दिसायला मागे जाऊन पान उलटावं लागतं. पहिल्याच खंडात लेखक एका बाईला, म्हणजे कल्पित वाचकाला, नीट लक्ष दिलं नाही म्हणून आधीचं प्रकरण पुन्हा वाचायला पाठवतो. तुम्हीही त्या जागी खुशाल मागे जा.

छापील प्रत घेताना पेंग्विनची मेल्विन न्यू यांनी संपादित केलेली घ्या, टिपा लागतील. ऑक्सफर्डची किंवा नॉर्टनचीही चालेल. मोबाइलवरचं ई-पुस्तक या एका पुस्तकासाठी नको, कारण अक्षर लहान-मोठं केलं की पान फुटतं, आणि इथे पान हाच विनोद आहे. आणि नवव्या खंडात एक सूचना लक्षात ठेवा: अठरावं आणि एकोणिसावं प्रकरण त्यांच्या जागी कोरी आहेत, ती पंचविसाव्यानंतर येतात. फोन बिघडला म्हणून पुन्हा सुरू करत बसू नका.

काय वगळलं तर चालेल? चौथ्या खंडाच्या आरंभीची नाकांवरची लांब गोष्ट मला स्वतःला ताणल्यासारखी वाटते. कंटाळा आला तर पुढे जा. सातवा खंड, ज्यात ट्रिस्ट्रम मृत्यूला चुकवत फ्रान्सभर पळतो, तो मात्र सोडू नका. स्टर्नला क्षय होता, तो त्याच मार्गाने हिंडला होता. पाचव्या खंडातला स्वयंपाकघरातला प्रसंगही. थोरला भाऊ बॉबी गेल्याची बातमी येते. बैठकीत बाप ग्रीक-रोमन दाखले देत मृत्यूवर व्याख्यान झोडतो. खाली नोकरांत मात्र सुझॅनाच्या डोळ्यांपुढे आधी मालकिणीचा हिरवा रेशमी झगा येतो, कारण आता घरात सुतक, म्हणजे तो आपल्याकडे येणार. कुणी म्हणतं, गेला, खरंच गेला. मासे शिजवायचं भांडं घासणारी जाडी मोलकरीण म्हणते, मी नाही गेले. मग ट्रिम म्हणतो, आत्ता आपण इथे आहोत की नाही, काठी जमिनीवर आपटतो, आणि डोक्यावरची टोपी खाली टाकतो, ‘आणि क्षणात नाही’. टोपी कशी पडली यावर लेखक रेंगाळतो. बापाच्या सगळ्या पांडित्यापेक्षा ती टोपी भारी पडते.

एक तक्रार माझी कायम आहे: ट्रिस्ट्रमच्या आईला लेखकाने नुसतं होला हो करणारी बाई करून टाकलंय, आणि हा विनोद नवव्या खंडापर्यंत शिळा होतो. मिसेस वॉडमनला बरी वागणूक मिळते. जखम नेमकी कुठे झाली हे तिला लग्नाआधी कळायला हवं असतं. टोबी म्हणतो, ती जागा तुम्हाला दाखवतोच, ती लाजते, आणि तो नामूरचा नकाशा मागवतो.

ज्यांना मुंबईचं काही ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी एक जोड. नववा खंड आला त्याच सुमाराला स्टर्न लंडनमध्ये एलायझा ड्रेपर या तरुणीच्या प्रेमात पडला. तिचा जन्म केरळातल्या अंजेंगोचा, नवरा डॅनियल ड्रेपर हा मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. १७६७च्या एप्रिलमध्ये ती जहाजाने परत निघाली आणि स्टर्न तिच्यासाठी रोजनिशी लिहीत राहिला. पुढच्या मार्चमध्ये तो लंडनमध्ये वारला. एलायझाने १७७३च्या जानेवारीत माझगावच्या बेल्व्हिडिअर बंगल्यातून नवऱ्याचं घर सोडलं, एका आरमारी अधिकाऱ्याच्या मदतीने.

त्या काळचे नामांकित समीक्षक आणि कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन १७७६ मध्ये म्हणाले होते की विचित्र गोष्टी फार काळ टिकत नाहीत, ट्रिस्ट्रम शँडी टिकली नाही. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, तो अंदाज साफ चुकला.

राहिला संक्षिप्त आवृत्तीचा प्रश्न. संक्षेप करणारा पहिल्यांदा विषयांतरं कापतो, आणि मग हातात काय उरतं? घड्याळ, नाक, नाव, खिडकी. चार अपघातांची यादी. थोडक्यात चव घ्यायचीच असेल तर मायकेल विंटरबॉटमचा २००५चा ‘अ कॉक अँड बुल स्टोरी’ बघा. या कादंबरीवर सिनेमा काढताना एका चमूची उडालेली तारांबळ हाच त्याचा विषय, आणि स्टीव्ह कूगन त्यात ट्रिस्ट्रम, वॉल्टर आणि स्वतः स्टीव्ह कूगन असा तिघांच्या भूमिकेत आहे. पुस्तक अर्धं झालं असतानाच बघितला तरी काही बिघडत नाही.